मार्चअखेर आणि तुमचा कर: आधी मोजा, मग पैसे भरा

मार्च लागला की ऑफिसातून ‘प्रूफ द्या’ असा मेल येतो. ओळखीतल्या विमा एजंटचा फोन येतो. बँकेत पासबुक भरायला गेलात तरी टॅक्स सेव्हिंग एफडीचा फॉर्म पुढे सरकवला जातो. या घाईत नवखी माणसं हमखास एक चूक करतात: आपल्याला कर किती बसतोय हे न पाहताच तो वाचवायला पैसे गुंतवून मोकळी होतात. मग कळतं की त्या वजावटीचा उपयोगच नव्हता, आणि पैसे मात्र पाच-पंधरा वर्षं अडकले.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. सगळा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा आहे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात, पण या वर्षाचं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे. म्हणून ८०सी (बचत-गुंतवणूक), ८०डी (मेडिक्लेम) हे ओळखीचे आकडेच इथे वापरले आहेत.

## १. एक संध्याकाळ काढा आणि कागद एकत्र करा

नोकरदारांना लागतील:

- एप्रिलपासूनच्या पगाराच्या स्लिपा. निदान फेब्रुवारीची तरी हवीच, त्यात वर्षभराची बेरीज असते.
- सगळ्या बँक खात्यांचं व्याज, एफडीचं धरून
- गृहकर्जाचं तात्पुरतं प्रमाणपत्र, मुद्दल आणि व्याज वेगवेगळं दाखवणारं
- भाडेकरार, भाडं दिल्याचे बँकेतले पुरावे, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन
- विमा, मेडिक्लेम, मुलांच्या फीच्या पावत्या
- ब्रोकर आणि म्युच्युअल फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट

व्यावसायिकांनी यात खरेदी-विक्रीची खतावणी, येणं-देण्याची यादी, जीएसटीची भरलेली विवरणपत्रं आणि टीडीएसची (पैसे देतानाच कापून भरलेल्या कराची) चलनं जोडायची.

मग आयकर पोर्टलवर लॉगिन करून एआयएस आणि २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं विवरण) उतरवून घ्या. खात्याला तुमच्याबद्दल काय माहीत आहे ते एआयएसमध्ये दिसतं: व्याज, लाभांश, शेअर विक्री, मोठे व्यवहार. तुमच्या यादीत नसलेली एखादी एफडी तिथे दिसली तर आत्ताच हिशेबात घ्या. नोंद चुकीची असेल तर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो. हे काम मार्चमध्ये केलं की कर भरायला वेळ मिळतो. जुलैमध्ये केलं की तोच कर व्याजासकट भरावा लागतो.

## २. नवी प्रणाली की जुनी, हे आकड्यांवर ठरवा

कर मोजायच्या या दोन पद्धती आहेत, त्यांतली एक निवडायची असते. बाकी सगळं या एका निर्णयावर उभं आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि पुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतच्या रिबेटमुळे (करातल्या सुटीमुळे) कर शून्य होतो. नोकरदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पगाराच्या बाबतीत ही मर्यादा १२,७५,००० वर जाते.

जुन्या प्रणालीत अडीच लाखांपर्यंत कर नाही, मग ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० आणि पुढे ३०. प्रमाणित वजावट ५०,०००. दोन्हीकडे करावर ४ टक्के सेस (उपकर) लागतो.

आता एक उदाहरण शेवटच्या रुपयापर्यंत करून पाहू. पुण्यात नोकरी, वर्षाचा पगार १५ लाख.

नव्या प्रणालीत १५,००,००० वजा ७५,०००, म्हणजे १४,२५,०००. कर: २०,००० + ४०,००० + ३३,७५० = ९३,७५०. सेस धरून ९७,५००.

जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की उरतात १४,४७,५००. त्यातून ८०सीचे दीड लाख, मेडिक्लेमचे २५,०००, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) ५०,००० आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख वजा करा. उरले १०,२२,५००. कर १,१९,२५०, सेससह १,२४,०२०.

सगळं काठोकाठ भरूनही जुनी प्रणाली २६,५२० रुपयांनी महाग पडली. या माणसाने मार्चमध्ये एनपीएसला ५०,००० भरले असते तर करापुरते ते वाया गेले असते.

चित्र कधी उलटतं? याच माणसाचं गृहकर्ज सातारच्या घरावर आहे, त्या घरात आई-वडील राहतात, आणि तो पुण्यात दरमहा २५,००० भाडं भरतो. मूळ पगार महिना ५०,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) २०,०००. एचआरएची सूट तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा असते: मिळालेला एचआरए २,४०,०००; भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के, म्हणजे ३,००,००० वजा ६०,००० = २,४०,०००; आणि मूळ पगाराचे ४० टक्के, म्हणजे २,४०,०००. मुंबईत हा तिसरा आकडा ५० टक्क्यांनी धरतात. इथे सूट २,४०,००० बसते, करपात्र उत्पन्न ७,८२,५०० वर येतं आणि कर सेससह ७१,७६० होतो. आता जुनी प्रणाली २५,७४० ने स्वस्त.

थोडक्यात, १५ लाख पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर ५०,००० ची प्रमाणित वजावट सोडून आणखी सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी लागतात. भाडं आणि गृहकर्ज दोन्ही नसेल तर तिथवर पोचणं अवघडच. पोर्टलवर टॅक्स कॅल्क्युलेटर आहे, त्यात स्वतःचे आकडे घालून दोन्ही बाजूंचा कर कागदावर लिहा.

इथे फसतात ते असे: ऑफिसला वर्षाच्या सुरुवातीला ‘नवी प्रणाली’ कळवली म्हणजे कायमची गाठ पडली, असं नोकरदारांना वाटतं. तसं नाही. ती निवड फक्त टीडीएस कापण्यापुरती असते. रिटर्न मुदतीत भरताना बदलता येते, दर वर्षी बदलता येते. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. म्हणून व्यावसायिकांनी एका वर्षाचा नाही, पुढच्या तीन-चार वर्षांचा अंदाज घेऊन ठरवावं.

## ३. जुनी प्रणाली ठरली असेल तरच: राहिलेली वजावट भरा

पहिल्यांदा ८०सीचे दीड लाख आधीच भरले आहेत का ते पाहा. मूळ पगार ५०,००० असेल तर तुमचा पीएफ महिना ६,०००, वर्षाला ७२,००० होतो. गृहकर्जाचं मुद्दल ६०,००० फिटलं असेल आणि मुलीची शाळेची शिकवणी फी ३०,००० असेल, तर बेरीज १,६२,००० झाली. मर्यादा ओलांडली. आता एजंटची पॉलिसी घेऊन करात एक रुपयाही वाचणार नाही. फीमध्ये फक्त शिकवणी फी धरायची, दोन मुलांपर्यंतच. डोनेशन आणि बसचे पैसे चालत नाहीत.

जागा खरोखर उरली असेल तर पर्याय असे. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. ईएलएसएस या करबचतीच्या शेअर फंडात तीन वर्षं पैसे अडकतात, आणि एसआयपी (दरमहा हप्त्याने गुंतवणूक) असेल तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं स्वतंत्र मोजतात. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी, किमान २५०. टॅक्स सेव्हिंग एफडीला पाच वर्षं, आणि व्याजावर दर वर्षी कर.

मार्चमध्ये घाईने आयुर्विम्याची बचत पॉलिसी घेऊ नका, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. एका वर्षाच्या वजावटीसाठी तुम्ही दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यांचं वचन देता. दोन वर्षांचे हप्ते भरायच्या आत ती बंद पडली तर आधी घेतलेली वजावटही त्या वर्षीच्या उत्पन्नात परत धरली जाते. विमा हवा असेल तर साधा टर्म घ्या. त्याचा हप्ताही ८०सीत बसतो.

मेडिक्लेमसाठी ८०डीमध्ये स्वतः, जोडीदार आणि मुलांचे मिळून २५,०००, आणि आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर त्यांचे वेगळे ५०,०००. यातली एक तरतूद फार जणांच्या लक्षात येत नाही: ज्येष्ठ आई-वडिलांचा मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा आणि दवाखान्याचा खर्च याच ५०,००० मध्ये धरता येतो. अट एकच, पैसे रोख दिलेले नकोत. वर्षभर औषधं यूपीआयने घेतली असतील तर मेडिकलवाल्याकडून आत्ताच पक्की बिलं मागून ठेवा. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० पर्यंत, तीही याच मर्यादेच्या आत.

देणगीची ८०जी वजावट घ्यायची तर २,००० च्या वर रोख देऊ नका, आणि संस्थेकडून फॉर्म १०बीई नावाचं प्रमाणपत्र मागा. साधी पावती पुरत नाही. कमिशन घेऊन देणगीची पावती ‘करून देणारे’ भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. खोटी वजावट पकडली गेली तर कर आणि व्याज भरावं लागतंच, वर त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. आणि नोटीस तुमच्या नावावर येते, पावती देणाऱ्याच्या नाही.

ऑफिसची प्रूफची तारीख चुकली तर घाबरू नका. टीडीएस जास्त कापला जाईल, पण ८०सी, ८०डी, एचआरए रिटर्नमध्ये मागता येतात आणि जास्तीचा कर परत मिळतो. पैसे मात्र ३१ मार्चच्या आत भरलेले हवेत.

## ४. नवी प्रणाली ठरली असेल तर

काम थोडं आहे. ८०सी, ८०डी, एचआरए, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज यातलं काहीच चालत नाही. चालतं ते एक महत्त्वाचं: मालकाने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. तुम्ही स्वतः भरलेले पैसे नाहीत. त्यासाठी पगाराची रचना बदलावी लागते, म्हणून एचआरशी मार्चमध्येच बोला आणि एप्रिलपासून लागू करून घ्या.

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेलं तरी हबकू नका. उत्पन्न १२,१०,००० असेल तर तक्त्याप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो जास्तीच्या १०,००० वर थांबतो.

## ५. शेअर आणि म्युच्युअल फंड: मार्चअखेरीचं सर्वांत फायद्याचं काम

ही पायरी दोन्ही प्रणालींत चालते. बारा महिन्यांहून जास्त ठेवलेले नोंदणीकृत शेअर आणि इक्विटी फंड विकून झालेल्या नफ्यातले वर्षाला १,२५,००० करमुक्त आहेत, त्याहून जास्तीच्या नफ्यावर १२.५ टक्के. ही सव्वा लाखाची सवलत पुढच्या वर्षी ओढता येत नाही. वापरली नाही तर गेली.

म्हणून करायचं असं:

1. कॅपिटल गेन स्टेटमेंटमध्ये या वर्षी आधीच किती दीर्घकालीन नफा झालाय ते पाहा.
2. सव्वा लाखात जागा उरली असेल तर तेवढा नफा निघेल इतकेच युनिट विका. फंडात जे आधी घेतले ते आधी विकले जातात. एसआयपीच्या गेल्या वर्षभरातल्या हप्त्यांना हात लागला तर तो नफा अल्पकालीन होतो आणि २० टक्के कर बसतो, वर बहुतेक फंडांत एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क).
3. गुंतवणूक चालू ठेवायची असेल तर पुन्हा विकत घ्या. खरेदीची किंमत आजची होते, पुढचा कर तेवढा कमी होतो. शेअर असतील तर त्याच दिवशी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी घ्या. एकाच दिवशी विक्री-खरेदी केली तर तो इंट्राडे व्यवहार समजला जातो आणि डीमॅटमधून काहीच हलत नाही.

पूर्ण सव्वा लाख वापरले तर सेससह १६,२५० रुपयांपर्यंत कर टळतो.

तोट्याचंही असंच. पडलेले शेअर पुन्हा वर येण्याची आशा नसेल तर मार्चमध्ये विकून तोटा बसवून घ्या. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.

दोन सापळे आहेत. शेअरच्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला नव्या प्रणालीतला १२ लाखांचा रिबेट लागू नाही. पगार आठ लाख, अल्पकालीन नफा दोन लाख, ‘एकूण दहाच लाख, कर शून्य’ असं समजू नका. त्या दोन लाखांवर २० टक्के कर द्यावाच लागेल. दुसरा सापळा तारखेचा. यंदा ३१ मार्चला मंगळवारी महावीर जयंती आहे आणि शेअर बाजार बंद आहे. शुक्रवारी २७ मार्चला हे काम आटोपलेलं असू द्या. ईएलएसएसची खरेदी आणि एनपीएसचा भरणा यांनाही पैसे पोचून युनिट जमा व्हायला एक-दोन कामाचे दिवस लागतात.

## ६. ॲडव्हान्स टॅक्स

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त उरत असेल तर तो वर्षाच्या आतच भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित योजनेतले (पायरी ७ पाहा) व्यावसायिक एकरकमी १५ मार्चला भरू शकतात. व्यवसाय नसलेल्या, साठी ओलांडलेल्या नागरिकांना हे लागू नाही.

१५ मार्च यंदा रविवारी आहे. ऑनलाइन भरणा रविवारीही होतो, त्यासाठी सोमवारची वाट पाहू नका. तारीख चुकलीच तरी ३१ मार्चपर्यंत भरलेला कर ॲडव्हान्स टॅक्सच धरतात. एकूण कराच्या ९० टक्क्यांहून कमी भरला असेल तर १ एप्रिलपासून कलम २३४बीचं महिना १ टक्का व्याज सुरू होतं.

भरताना पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मध्ये करनिर्धारण वर्ष २०२६-२७ (म्हणजे २०२५-२६ च्या पुढचं वर्ष) निवडा आणि प्रकार ॲडव्हान्स टॅक्स (१००). वर्ष चुकलं तर पैसे भलत्याच वर्षात जमा होतात आणि ते चलन दुरुस्त करत बसावं लागतं. चलन उतरवून ठेवा. त्यावरचा बीएसआर कोड आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये लागतो.

नोकरदारांची टीडीएसबद्दल एक गैरसमजूत असते: ‘बँकेने एफडीवर १० टक्के कापलाय, माझं झालं.’ तुमचा दर ३० टक्के असेल तर उरलेला २० टक्के तुम्हीच भरायचा आहे.

मुंबई-पुण्यात दरमहा ५०,००० च्या वर भाडं देत असाल तर आणखी एक काम आहे. मार्चच्या भाड्यातून, किंवा घर आधी सोडलं तर शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून, वर्षभराच्या भाड्यावर २ टक्के टीडीएस कापायचा आणि फॉर्म २६क्यूसीने ३० दिवसांत भरायचा. हे काम भाडेकरूचं आहे, घरमालकाचं नाही.

## ७. छोटा व्यवसाय: अनुमानित योजनेत आहात का?

किराणा, हार्डवेअर, छोटा कारखाना, केटरिंग अशा धंद्यात उलाढाल २ कोटींच्या आत असेल (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी) तर कलम ४४एडी घेता येतं. बँकेतून, यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा दाखवायचा. ९० लाखांच्या विक्रीत ६० लाख डिजिटल, ३० लाख रोख असेल तर किमान नफा ३,६०,००० + २,४०,००० = ६ लाख. खरा नफा त्याहून जास्त असेल तर खराच दाखवायचा. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीए, जमेच्या ५० टक्के. तिथली मर्यादा ५० लाख, आणि रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी चालत नाही.

या योजनेत असाल तर मार्चमध्ये लॅपटॉप, फर्निचर घेऊन कर कमी होत नाही, कारण खर्च आणि घसारा त्या टक्क्यात आधीच धरलेला असतो. दुकानदार दर वर्षी यात फसतात. आणि ४४एडी एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं तर पुढची पाच वर्षं पुन्हा घेता येत नाही. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशेबांचं ऑडिटही करावं लागतं.

## ८. वहीखाते ठेवत असाल तर ज्यांना पैसे द्यायचे त्यांची यादी काढा

कलम ४३बी(एच)ने गेल्या दोन वर्षांत भल्याभल्यांचा हिशेब बिघडवला आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली असेल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत, करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चला पैसे बाकी राहिले तर तो खर्च या वर्षी मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो.

इचलकरंजीतला एखादा कारखानदार खोके घेतो असं धरा. माल २० जानेवारीला पोचला, बिल ४ लाखांचं, करार नाही. मुदत ४ फेब्रुवारीला संपली. २५ मार्चला पैसे दिले तर उशीर झाला, पण खर्च याच वर्षी मिळाला. ३१ मार्च उलटला तर ४ लाख नफ्यात मिळवले जातात, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला सेससह १,२४,८०० कर बसतो, न कमावलेल्या पैशावर. माल २० मार्चला आला असेल तर मुदत ४ एप्रिल. ३ एप्रिलला दिले तर चाललं. १० एप्रिलला दिले तर हा खर्च पुढच्या वर्षी गेला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या पुरवठादारांना उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र मागा. उत्पादक किंवा सेवा देणारे सूक्ष्म-लघु उद्योग बाजूला काढा. मध्यम उद्योगांना हे कलम लागू नाही, आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही सर्वसाधारणपणे नाही. मग मालाच्या तारखेप्रमाणे यादी लावा आणि जुन्यात जुनी देणी आधी भागवा. हातात पैसा कमी असेल तर मोठ्या कंपनीचं बिल थांबवा, लघु उद्योजकाचं नको. कराचा प्रश्न आहेच, पण त्या माणसाचा पगारवाटपाचा दिवसही तुमच्या चेकवर अवलंबून असतो.

## ९. ३१ मार्चपूर्वीची बाकीची वही

बुडीत येणं. दोन-तीन वर्षं न आलेली उधारी ३१ मार्चच्या आत पुस्तकात खर्ची टाकली तरच वजावट मिळते. ‘येणार नाही असं वाटतं’ एवढं पुरत नाही, नोंद हवी.

यंत्रं आणि संगणक. १८० दिवसांहून कमी वापरलेल्या वस्तूला निम्माच घसारा. ८०,००० चा संगणक २५ मार्चला घेतला तर ४० ऐवजी २० टक्के, म्हणजे १६,०००. २० टक्क्यांच्या टप्प्यात कर वाचला ३,३२८. गरज असेल तर जरूर घ्या, पण कर वाचवायला म्हणून नको. आणि बिल पुरेसं नाही, ३१ मार्चच्या आत तो वापरात आलेला हवा.

रोख. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च नामंजूर होतो, माल वाहतूकदाराला ३५,०००. त्याच दिवसाची तीन व्हाउचर केली तरी बेरीज एकच धरतात. दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड. नातेवाइकाकडून हातउसने २०,००० किंवा जास्त घ्यायचे तर बँकेतूनच.

कामगारांचा पीएफ. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला नाही तर तो खर्च कायमचा जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मार्चचा पीएफ १५ एप्रिलच्या आत.

टीडीएस. मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो. कापायचाच विसरलात तर त्या खर्चाच्या ३० टक्के नामंजूर होतात.

शिल्लक माल. ३१ मार्चला संध्याकाळी दुकान बंद करून प्रत्यक्ष मोजा. भिजलेला, कुरतडलेला, मुदत संपलेला माल वेगळा लिहा, फोटो काढा. किंमत खरेदीची किंवा विकून येईल ती, दोन्हींतली कमी. टाकून दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, हेही त्याच कागदावर टिपा.

## १०. जीएसटी

वर्षाची विक्री तीन ठिकाणी जुळते का पाहा: तुमची वही, आणि जीएसटीआर-१ व ३बी ही विवरणपत्रं. खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट पोर्टलवरच्या २बी यादीशी ताडा. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नसतील तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पुढच्या वर्षी कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठरावीक दराच्या योजनेत) जायचं असेल तर सीएमपी-०२ या अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च. निर्यात करणाऱ्यांनी नव्या वर्षाचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) १ एप्रिलच्या पहिल्या बिलाआधी घ्यावं.

## ११. जुनं काही राहिलंय?

आधीच्या वर्षांचं एखादं उत्पन्न दाखवायचं राहिलं असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं, आणि त्याचं मीटर ३१ मार्चला पुढच्या आकड्यावर जातं. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ साठी ३१ मार्च २०२६ पर्यंत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, त्यानंतर ५० टक्के. २०२१-२२ चं दार तर त्या दिवशी कायमचं बंद होतं. यातून परतावा मागता येत नाही, कर कमीही करता येत नाही. फक्त राहिलेलं भरता येतं.

## १२. १ ते ५ एप्रिल

नवं बिलबुक, नवी क्रमांकमालिका, सॉफ्टवेअरमध्ये नवं वर्ष, आणि जुन्या वर्षाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर वेगळा. ऑफिसने विचारलं की कोणती प्रणाली हवी, तेव्हा दुसऱ्या पायरीतला कागद समोर ठेवून उत्तर द्या. पीपीएफ भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. तिथे व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, त्यामुळे ५ तारखेच्या आत जमा झालेल्या पैशांना पूर्ण बारा महिन्यांचं व्याज मिळतं. चेक देणार असाल तर तो वटायला लागणारे दिवस आधी मोजा.